प्रसिद्धी, जाहिरात, प्रचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करणाऱ्या माणसाला वाचनालयांचे चिटणीस, हौशी नाट्यसंस्थांची पोरे, नवे दुकान टाकणारे आणि गणेश मंडळांचे कार्यकर्ते ठरावीक प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, काही एका ओळीत संपली आहेत.

प्रसिद्धी म्हणजे नेमके काय?

एखादी गोष्ट चारचौघांना कळणे म्हणजे प्रसिद्धी. नाव होणे ही त्यापुढची पायरी. मराठीत आजही पुस्तक प्रसिद्ध होते, मतदारयादी प्रसिद्ध होते, भरतीचा निकाल प्रसिद्ध होतो. यांपैकी कशाचीही कुणी मिरवणूक काढत नाही. तरीही 'प्रसिद्ध' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आधी नटनट्या येतात, आणि निम्मा घोटाळा तिथेच होतो. संस्थेला बातमीतून नाव हवे असते, वाचकाला त्यातून काहीतरी कळायला हवे असते. ही ओढाताण लक्षात ठेवली तर पुढचे बरेच प्रश्न सुटतात.

धंद्याच्या भाषेत थोडी आखीव व्याख्या आहे. दुसऱ्याने, स्वतःच्या मर्जीने, पैसे न घेता तुमच्याबद्दल लोकांना सांगणे ती प्रसिद्धी. 'स्वतःच्या मर्जीने' हे शब्द महत्त्वाचे. त्याला तुमचे काम सांगण्याजोगे वाटले पाहिजे.

मग जाहिरात, प्रचार, जनसंपर्क हे वेगळे कसे?

शब्द कुणी ठरवले आणि जागेचे पैसे कुणी दिले, हे दोन प्रश्न विचारा.

समजा, एका शाळेला शंभर वर्षे झाली. संस्थाचालकांनी अर्धे पान विकत घेतले, त्यात अध्यक्षांचा फोटो आणि शुभेच्छांची यादी छापली. ही जाहिरात. जागा चौरस सेंटीमीटरच्या दराने मोजून घेतलेली असते, त्यामुळे शब्द, फोटो, अगदी स्वल्पविरामही तुमचा. एखाद्या वार्ताहराने शाळेचे पहिले हजेरीपुस्तक शोधून काढले, त्यातल्या पोरांची नातवंडे आज काय करतात यावर लिहिले, ही प्रसिद्धी. तिचा मथळा तुम्ही ठरवू शकत नाही आणि अध्यक्षांचे नाव तिसऱ्या परिच्छेदात गेले म्हणून तक्रारही करू शकत नाही. 'आपल्या पाल्याचा प्रवेश आमच्याकडेच घ्या' म्हणत शिक्षक दारोदार फिरले, तो प्रचार. त्यात समोरच्याला आपल्या बाजूला वळवायचे असते. आणि माजी विद्यार्थ्यांना वर्षभर पत्रे पाठवत राहणे, त्यांच्या अडीअडचणीला उभे राहणे, हा जनसंपर्क. तो शताब्दीच्या महिन्यात सुरू केला तर फारसा उपयोग होत नाही.

निधनाच्या बाबतीत हा फरक घरोघरी लोकांना नडतो. अनेक मराठी दैनिके 'निधन वार्ता' चार-पाच ओळींत विनामूल्य छापतात: नाव, वय, मागे कोण आहे. काळी चौकट, मोठा फोटो आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' हवी असेल तर ती जाहिरात, तिचे पैसे पडतात. दुःखाच्या प्रसंगी हे कुणी नीट सांगत नाही म्हणून इथे लिहिले.

बोलताना 'पब्लिसिटी' कुठे वापरायचे आणि 'प्रसिद्धी' कुठे?

नियम नाही, कान आहे. 'पब्लिसिटी' मराठीत बरीच वर्षे नांदते आहे आणि तिने स्वतःचे कोपरे पकडले आहेत. 'नुसता पब्लिसिटी स्टंट आहे', 'फुकटची पब्लिसिटी मिळाली', 'पिक्चर माउथ पब्लिसिटीवर चालला'. नाटक-सिनेमाच्या श्रेयनामावलीत 'पब्लिसिटी डिझाइन' असते. या ठिकाणी 'प्रसिद्धी' घातले तर वाक्य अवघडून बसते.

उलट 'प्रसिद्धीपत्रक', 'प्रसिद्धीप्रमुख', 'प्रसिद्धीच्या झोतात', 'प्रसिद्धीपराङ्मुख' इथे इंग्रजी शब्द चालत नाही. अति झाले की मराठी माणूस दोन्ही सोडतो आणि घरचे शब्द काढतो: गवगवा, बोभाटा, डांगोरा, टिमकी, चमकोगिरी. यातला बोभाटा दुसरा माणूस करतो आणि टिमकी स्वतःची स्वतः वाजवायची असते, हे विसरू नये.

सरकारी कामात हा शब्द कुठे भेटतो?

गोव्यात थेट खात्याच्या पाटीवर. तिथल्या खात्याचे नाव माहिती आणि प्रसिद्धी खाते. महाराष्ट्रात तेच काम माहिती व जनसंपर्क महासंचालनालय करते. जिल्ह्याच्या गावी त्यांचे जिल्हा माहिती कार्यालय असते. केंद्रात जाहिरात, क्षेत्रीय प्रचार आणि गीत-नाटक असे तीन स्वतंत्र विभाग होते, ते २०१७ मध्ये एकत्र केले गेले. आज त्याला केंद्रीय संचार ब्यूरो म्हणतात.

गावपातळीवर अजूनही दवंडी आहे. पूर्वी कोतवाल हलगी वाजवत फिरे, आता बऱ्याच गावांत घंटागाडीच्या किंवा मंदिराच्या कर्ण्यावरून ग्रामसभेची वेळ सांगतात.

आमच्या वाचनालयाची बातमी छापून यावी म्हणून प्रसिद्धीपत्रक कसे लिहावे?

डेस्कवर येणारे सरासरी पत्रक असे असते:

'सालाबादप्रमाणे यंदाही आमच्या वाचनालयाचा वर्धापनदिन मान्यवरांच्या प्रमुख उपस्थितीत मोठ्या उत्साहात संपन्न झाला. दीपप्रज्वलन व सरस्वतीपूजनाने कार्यक्रमाची सुरुवात झाली. प्रास्ताविक चिटणीसांनी केले, सूत्रसंचालन अमुक यांनी, तर आभार प्रदर्शन तमुक यांनी केले. यावेळी वाड्यांवरील वाचकांसाठी फिरते ग्रंथालयही सुरू करण्यात आले. पसायदानाने कार्यक्रमाची सांगता झाली.'

यात बातमी कुठे आहे? शेवटून दुसऱ्या वाक्यात. उपसंपादकाकडे रात्री आठ वाजता अशी पंधरा-वीस पत्रके पडलेली असतात आणि त्याला जागा कमी पडली की तो मजकूर खालून कापतो. म्हणजे पसायदानापाठोपाठ फिरते ग्रंथालयच उडणार आणि दीपप्रज्वलन छापून येणार. नंतर चिटणीस म्हणणार, 'आमच्या कामाची दखलच घेत नाहीत हो.'

तेच असे लिहा: 'तालुक्यातील वाड्यांवर दर शनिवारी पुस्तकांची पेटी घेऊन जाणारे फिरते ग्रंथालय येथील वाचनालयाने वर्धापनदिनी सुरू केले. वाचकाला वर्गणी नाही. एका वेळी दोन पुस्तके आठवड्यासाठी मिळतील. पहिली पेटी येत्या शनिवारी सकाळी नऊ वाजता धनगरवाडीच्या शाळेत उघडेल.' मान्यवरांची नावे त्याखाली. कापली गेली तरी वाचकाचे नुकसान नाही. मान्यवरांचे होईल, ते तुम्ही सांभाळून घ्या.

'संपन्न झाला', 'मोठ्या उत्साहात', 'मोलाचे मार्गदर्शन लाभले' हे शब्द काढून टाका. कार्यक्रम निरुत्साहात पार पडल्याचे पत्रक आजवर कुणी पाठवलेले नाही, त्यामुळे उत्साहाची बातमी होत नाही. पाहुण्यांनी 'मार्गदर्शन केले' असे लिहिण्यापेक्षा ते काय बोलले त्यातले एक वाक्य द्या.

कागदोपत्री बाजू: वर 'कृपया प्रसिद्धीसाठी', तारीख, संस्थेचे नाव, खाली संपर्कासाठी एक नंबर, जो रात्री नऊपर्यंत उचलला जाईल. हल्ली पत्रके व्हॉट्सॲपवर येतात. लेटरहेडचा फोटो काढून पाठवू नका, तो कुणालातरी पुन्हा टाइप करावा लागतो आणि तो 'कुणीतरी' त्या वेळी चहाला गेलेला असतो. मजकूर युनिकोडमध्ये, नुसता मजकूर म्हणून पाठवा. फोटो वेगळा, एकच, मूळ आकारात. चार फोटो चिकटवून वर फुलांची किनार असलेले कोलाज कुठेच छापता येत नाही. फोटोतल्या माणसांची नावे डावीकडून क्रमाने, आणि आडनावाचे स्पेलिंग मराठीत जसे ते स्वतः लिहितात तसे.

पत्रक कधी पाठवावे?

कार्यक्रमाची आगाऊ सूचना दोन-तीन दिवस आधी. झालेल्या कार्यक्रमाचे पत्रक त्याच संध्याकाळी. जिल्हा आवृत्तीची पाने शहर आवृत्तीच्या आधी सुटतात, हे तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

बातमीसाठी पैसे द्यावे लागतात का?

नाही. कुणी मागितले तर ती बातमी उरत नाही. जाहिरात विभागात जा, पावती घ्या आणि मजकुरावर 'जाहिरात' असे छापले जाईल याची खात्री करा.

आता हे इतके सोपे नाही, हे मलाही माहीत आहे. पाकीट पत्रकारिता हा शब्द मराठीत उगाच आला नाही. २००९ च्या लोकसभा आणि महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या 'बातम्यां'चा प्रश्न इतका वर आला, की भारतीय वृत्तपत्र परिषदेने, म्हणजे प्रेस कौन्सिलने, दोन सदस्यांची उपसमिती नेमली. तिचा ७१ पानी अहवाल २०१० मध्ये तयार झाला, पण परिषदेने आधी तो पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केलाच नाही. केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये तो लोकांसमोर आला. विकत घेतलेल्या प्रसिद्धीवरच्या अहवालालाच प्रसिद्धी नाकारली गेली होती, याहून कडवट विनोद या धंद्यात मी ऐकलेला नाही.

वाचकाची यात फसवणूक अशी होते: जाहिरात वाचताना तो सावध असतो, विकणारा आपलीच तारीफ करणार हे धरून चालतो. बातमी वाचताना तो ती सावधगिरी बाजूला ठेवतो. अशा विकत घेतलेल्या बातमीत, म्हणजे पेड न्यूजमध्ये, विकली जाते ती हीच त्याची गाफील वेळ. पान उलटताना 'उपक्रम' किंवा 'विशेष पुरवणी' अशी बारीक अक्षरे वर दिसली, तर मजकूर जाहिरातीच्या डोळ्यांनी वाचा.

बातमी छापून आली, पण भलतीच. काय करावे?

आधी संपादकांना लेखी कळवा. नेमके काय चुकले आणि बरोबर काय आहे, एवढेच लिहा. भावना दुखावल्याचे चार परिच्छेद नकोत. तथ्याची चूक असेल तर बहुतेक ठिकाणी खुलासा छापतात, आतल्या पानावर का होईना. दाद लागली नाही तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते, तिथेही तुम्ही आधी संपादकांना लिहिले होते का हे विचारतात. मथळा आवडला नाही किंवा नाव मागे गेले, ही चूक नव्हे.

पत्रकार परिषद घ्यावी का?

ज्याला उलटे प्रश्न विचारले जाऊ शकतात असा विषय असेल तर घ्यावी. नुसते जाहीर करायचे असेल तर पत्रक पुरते.

'माउथ पब्लिसिटी' खरेच इतकी चालते का?

मराठी नाटकाला विचारा. व्यावसायिक नाटकाची जाहिरात अनेक वर्षे दैनिकातल्या एका छोट्या चौकटीत मावत आली आहे: नाटकाचे नाव, लेखक-दिग्दर्शक, दोन नटांचे चेहरे आणि खाली 'शनि. दु. ४ शिवाजी मंदिर, रवि. रात्रौ ८.३० गडकरी रंगायतन'. एवढ्यावर कुणी पाचशे रुपये काढत नाही. चौकट फक्त वेळ आणि जागा सांगते. जायचे की नाही हे लोक एकमेकांना विचारून ठरवतात. म्हणून निर्माते पहिल्या काही प्रयोगांत तोटा सोसून नाटक उभे ठेवतात. बालगंधर्वला मध्यंतरात वडा खाताना लोक काय बोलतात, ते ऐकत फिरणारे व्यवस्थापक मी पाहिले आहेत. दुसऱ्या अंकाआधी त्यांच्या चेहऱ्यावर पुढच्या महिन्याच्या तारखा वाचता येतात.

तोंडी प्रसिद्धीची अडचण एवढीच, की ती वाईटाचीही तितक्याच वेगाने होते आणि तिला खुलासा पाठवता येत नाही.

बदनामी झाली तरी चालेल, नाव तर होते! हे खरे का?

आपल्याकडे हा विचार संस्कृतात सुद्धा सांगून ठेवला आहे: 'घटं भिन्द्यात् पटं छिन्द्यात् कुर्याद्रासभरोहणम्। येन केन प्रकारेण प्रसिद्धः पुरुषो भवेत्॥' मडकी फोड, कपडे फाड, गाढवावर बस, काहीही कर पण प्रसिद्ध हो. लिहिणाऱ्याने ते उपरोधाने लिहिले होते. हल्ली रीळ बनवणारी काही मंडळी ते मार्गदर्शन म्हणून वाचत असावीत.

व्यवहारात उत्तर तुम्ही काय विकता यावर आहे. अनोळखी गायकाच्या गाण्यावर वाद झाला तर लोक निदान ऐकून पाहतात. पण दवाखाना, पतसंस्था, शाळा, खानावळ यांचा सगळा कारभार विश्वासावर चालतो. पतसंस्थेच्या दारात गर्दी झाल्याचा फोटो छापून आला की दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट होते, आणि तिला नाव झाल्याचे समाधान कुणी मानत नाही.

याच्या शेजारचा प्रकारही सांगतो. दडपायला जावे तर जास्त पसरते. २००३ मध्ये अमेरिकन गायिका बार्बरा स्ट्रायसँड हिने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याच्या हवाई छायाचित्रांच्या संग्रहातून आपल्या बंगल्याचा फोटो काढून टाकावा म्हणून दावा लावला. दाव्याआधी तो फोटो सहा वेळा उतरवून घेतला गेला होता, त्यातले दोन वेळा तिच्याच वकिलांनी. दाव्याची बातमी झाल्यावर महिनाभरात चार लाखांहून अधिक लोक तो पाहून गेले. आज या प्रकाराला तिचेच नाव आहे. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी तुमच्या संस्थेबद्दल काही टाकले आणि ते अकरा जणांनी वाचले असेल, तर निषेधाचे पत्रक काढण्याआधी हे आठवा.

जाहिरातीत किती फुगवून सांगितलेले चालते?

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. पुढे गुजरातेत सुरतला तो लावताना त्यांनी केलेली जाहिरात सिनेमाच्या इतिहासात सांगितली जाते: सत्तावन्न हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, सगळे फक्त तीन आण्यांत! इतर खेळ तासन्‌तास चालत असताना आपला छोटा खेळ लोकांना पैसे वसूल वाटावा, म्हणून त्यांनी वेळ सोडून फोटो मोजले. डोके अफाट. पण जरा हिशेब करा. एका फुटात सोळा चौकटी बसतात, म्हणजे सत्तावन्न हजार फोटोंची फीत साडेतीन हजार फुटांच्या आसपास. मैलात ५,२८० फूट. दोन मैल सोडा, एक मैलही भरत नाही. फोटो खरे धरले तर मैल फुगवलेले आहेत.

तेव्हा विचारणारे कुणी नव्हते. आता ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ आहे आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. पुन्हा तेच केले तर ५० लाखांपर्यंत. जाहिरातीत झळकणारा नटही सुटत नाही, त्याला वर्षभर जाहिरात करण्यास बंदी होऊ शकते. 'जगातली सर्वांत चविष्ट मिसळ' म्हणा, ती चवीची बढाई आहे आणि ग्राहकालाही ते कळते. 'आमच्या काढ्याने मधुमेह जातो' म्हणू नका. त्यासाठी १९५४ पासून औषधे आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा वेगळा कायदा आहे.

कोर्टाच्या संदर्भात प्रसिद्धी म्हणजे काय? तिथे कुणाला नाव कमवायचे असते?

इथे शब्दाचा जुना, 'उघडपणे होणे' हाच अर्थ चालतो, आणि माझ्या मते तो जास्त मोलाचा आहे. इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथम म्हणे, प्रसिद्धी हा न्यायाचा आत्मा आहे. न्यायाधीश खटला चालवत असतो तेव्हा प्रसिद्धी खुद्द न्यायाधीशाची परीक्षा घेत असते. म्हणून कोर्टाचे दार उघडे असते आणि मागच्या बाकावर कुणीही जाऊन बसू शकतो.

या प्रश्नावरचा भारतातला गाजलेला निकाल मुंबईतून गेलेल्या प्रकरणात लागला. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाच्या संपादकाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात बदनामीचा दावा चालू होता. एका साक्षीदाराने सांगितले, माझी साक्ष छापून आली तर माझ्या धंद्याचे नुकसान होते. न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी ती साक्ष छापू नये असा तोंडी आदेश दिला. नरेश श्रीधर मिरजकर आणि आणखी काही पत्रकार आमच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आला म्हणत सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. बहुमताचे निकालपत्र सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकरांचे. खटले खुल्या कोर्टातच चालले पाहिजेत हे तत्त्व त्यांनी ठासून मांडले, आणि तरीही न्यायासाठी अगदी गरज पडली तर न्यायाधीश प्रसिद्धी रोखू शकतो म्हणत तारकुंड्यांचा आदेश कायम ठेवला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला एकटे विरोधात राहिले. हा निकाल वाचताना माझे मन हिदायतुल्लांकडे झुकते. धंद्याचे नुकसान होते म्हणून साक्ष झाकायची ठरवली, तर झाकण्याजोग्या साक्षी फार निघतील.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये थेट प्रक्षेपणाला तत्त्वतः मान्यता दिली आणि घटनापीठांच्या सुनावण्या सप्टेंबर २०२२ पासून घरबसल्या दिसू लागल्या. सरकारी कचेऱ्यांनाही असाच उघडपणा लागू आहे: माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार त्यांनी बरीच माहिती कुणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. महाराष्ट्राने माहिती अधिकाराचा स्वतःचा कायदा केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधीच केला होता. अंमलबजावणीबद्दल बोलायला बसलो तर वेगळे पान लागेल.

वर्तमानपत्रातली 'जाहीर नोटीस' कशासाठी? ती न वाचल्याने काय बिघडते?

'तमाम जनतेस कळविण्यात येते की' ने सुरू होणारा तो दाट मजकूर आपण सगळेच उलटून टाकतो. जमीन किंवा फ्लॅट घेणाऱ्याचा वकील त्यात गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा छापतो आणि विचारतो, यावर कुणाचा वारसाहक्क, गहाण, साठेखत आहे का; असल्यास चौदा-पंधरा दिवसांत लेखी पुराव्यासह हरकत घ्या, नाहीतर कुणाचाही हक्क नाही असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल.

घेणाऱ्याने यावर विसंबू नये. नोटीस छापली म्हणून खऱ्या वारसाचा हक्क बुडत नाही. सातबारा, फेरफार आणि सर्च रिपोर्ट (जुन्या नोंदणीकृत व्यवहारांच्या तपासणीचा अहवाल) पाहावाच लागतो. आणि गावी वडिलोपार्जित जमीन असलेल्या, पण पुण्या-मुंबईत किंवा परदेशात राहणाऱ्यांनी गावाकडच्या दैनिकाचे नोटिशींचे पान कुणालातरी बघत राहायला सांगावे. काही वेळा नोटीस मुद्दाम अशा पत्रात देतात जे त्या तालुक्यात कुणी वाचत नाही. छापून आली, पण प्रसिद्धी झाली नाही.

काही नोटिशींचा त्रासही होतो. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करणाऱ्यांची नोटीस कार्यालयात लावली जाते आणि तीस दिवस थांबावे लागते. घरच्यांना न सांगता लग्न करणाऱ्या जोडप्यांना नेमकी तीच भीती वाटते.

कशाला किंवा कुणाला प्रसिद्धी देता येत नाही?

बलात्कारपीडितेची ओळख उघड होईल असे काहीही छापणे किंवा फॉरवर्ड करणे गुन्हा आहे; लैंगिक अत्याचार झालेल्या बालकांचेही तसेच. नाव न घेता गाव, शाळा आणि वडिलांचा धंदा सांगणे म्हणजे नाव घेणेच.

वकिलांना स्वतःच्या कामाची जाहिरात करता येत नाही. डॉक्टरांनाही नाही, पण दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, गावाला गेले, परत आले एवढे वर्तमानपत्रात कळवण्याची मुभा आहे. 'डॉक्टर दि. अमुकपर्यंत परगावी' ही छोटी चौकट त्यामुळेच दिसते.

आमच्या दुकानाच्या बोर्डावर एखाद्या नटाचा फोटो टाकला तर?

परवानगी नसेल तर अडचणीत याल. माणसाच्या चेहऱ्याचा, नावाचा प्रसिद्धीसाठी वापर करण्याचा हक्क त्याचा स्वतःचा, ही कल्पना अमेरिकेत १९५३ च्या एका खटल्यात मांडली गेली. भांडण च्युइंगगमसोबत मिळणाऱ्या बेसबॉलपटूंच्या फोटोंवरून होते. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अनिल कपूर यांचे नाव, आवाज, प्रतिमा यांना संरक्षण दिले आणि त्यांच्या खास ढंगातल्या 'झकास'चाही त्यात समावेश केला. पुढच्या वर्षी जॅकी श्रॉफ यांच्या 'भिडू'ची पाळी आली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल रोखली.

घाबरू नका, बोलताना झकास म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. त्या नटाच्या थाटात, त्याच्या नावावर माल खपवायला लागते.

वाढदिवसाचा फ्लेक्स ही प्रसिद्धी की जाहिरात?

जाहिरात, आणि परवानगी नसेल तर बेकायदा जाहिरात. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा १९९५ चा कायदा आहे, आणि बेकायदा फलकांवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये सविस्तर आदेश दिलेले आहेत. तरी चौकाचौकात 'भावी नगरसेवक' हात जोडून उभेच. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळात १२० बाय १२० फुटांचा फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसे मेली. मुंबई महापालिकेची मर्यादा होती ४० बाय ४०.

निवडणुकीत संस्थेने काय काळजी घ्यावी?

लोकसभा-विधानसभेच्या प्रचारपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता असलाच पाहिजे. मतदान संपण्याआधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद. आचारसंहितेच्या काळात उमेदवार असलेल्या पाहुण्याच्या हस्ते काही ठेवू नका. ठेवले तर मंडपाचा खर्च कुणाच्या खात्यात धरायचा यावरून तुमच्या खजिनदाराला फोन येतील.

आमच्या देणगीदाराला नाव नको आहे. चालेल का?

चालेल. बातमीत 'एका हितचिंतकाने' लिहा आणि विचारणाऱ्या वार्ताहरालाही तेच सांगा. पावतीवर आणि देणगीच्या वहीत मात्र पूर्ण नाव-पत्ता आणि पॅन लिहून घ्या, नाहीतर हिशेब तपासनीस तीच रक्कम निनावी देणगी म्हणून बाजूला काढतील. आणि नामफलकाच्या कारागिराला आधीच सांगून ठेवा, त्याला सवयीने सगळ्यांची नावे कोरायची असतात.